राणीला शेला, राजाला शिक्का

जानेवारी २०२५ मध्ये ‘छावा’ची झलक आली आणि तिच्यातल्या काही सेकंदांवरून महाराष्ट्रात वादळ उठलं. संभाजी महाराज आणि येसूबाई लेझीम खेळताना दिसत होते. छत्रपती असे नाचतील का, असा सवाल झाला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर राज ठाकरे यांना भेटून आले आणि ते दृश्य गाळण्यात आलं. दहा वर्षांपूर्वी, २०१५ साली, ‘बाजीराव मस्तानी’तल्या ‘पिंगा’वरूनही असंच झालं होतं. पेशव्यांच्या घरची बाई अशी चारचौघांत नाचेल का, यावर रकाने भरले. दोन्ही वेळा तक्रार नाचाची होती. काशीबाई आणि येसूबाई आपापल्या नवऱ्याशी राज्याच्या कारभाराबद्दल काय बोलतात, मुळात बोलतात तरी का, असं विचारणारा एकही आवाज माझ्या तरी कानावर आला नाही.

ऐतिहासिक चित्रपट-मालिकांचं पीक आपल्याकडे गेल्या दहा-बारा वर्षांत उदंड आलं. त्यात तरुण राण्या आहेत, त्यांची लग्नं आहेत, प्रेमही आहे. तलवारी, दरबार, सनदा यांनाही तोटा नाही. पण प्रेम एका खोलीत चालतं आणि सत्ता दुसऱ्या खोलीत, आणि मधलं दार लेखक उघडत नाहीत. नवरा जिवंत असताना राणीच्या वाट्याला ओवाळणी, निरोप आणि वाट बघणं येतं. तो गेला की मग तिच्या हाती तलवार येते. प्रेम आणि अधिकार यांची एकाच बाईच्या आयुष्यात, एकाच लग्नात झालेली ओढाताण आपल्या पडद्याला अजून नीट दाखवता आलेली नाही.

सफाळ्यात बसून हे लिहिताना एक गोष्ट विसरता येत नाही. आमच्याकडून थिएटरात जायचं म्हणजे विरारची गाडी पकडायची; त्यामुळे हे सगळं आम्ही जास्त करून टीव्हीवर आणि लोकलच्या डब्यात मोबाईलवर बघतो. ‘बाजीराव मस्तानी’तला चिमाजी अप्पा (वैभव तत्ववादी) बघताना आमच्या बाजूच्या माणसाचं थोडं अडतं. चित्रपटात तो भावाच्या प्रेमाच्या आड येणारा कर्मठ माणूस आहे. इथे तो माहीम-केळवे-तारापूर सोडवणारा अप्पा. तारापूर म्हटलं की आज अणुवीज केंद्र आठवतं, पण जानेवारी १७३९ मध्ये तिथल्या पोर्तुगीज किल्ल्यावर बाजी भिवराव रेठरेकर पडले, किल्ला आला आणि मे महिन्यात वसईही आली. त्याच वर्षाच्या अखेरीस बाजीराव मोहिमेवर असताना मस्तानीला पुण्यात अटकेत ठेवण्यात आलं, आणि त्याला अप्पांची संमती होती. एप्रिल १७४० मध्ये रावेरखेडीला बाजीराव गेले, डिसेंबरात अप्पाही गेले. म्हणजे घरातली बाई आणि दर्यावरचा किल्ला हे एकाच माणसाच्या डोक्यातले, जवळपास एकाच वर्षातले विषय होते. चित्रपटाचे दिग्दर्शक भन्साळींनी त्यातला एक घेतला आणि दुसरा सोडून दिला. त्यामुळे मस्तानीची कैद ही निव्वळ घरगुती दुष्टाई वाटते. पेशवाई नुकती स्थिरावत असताना, पेशव्याच्या गादीवर उद्या कुणाचा मुलगा बसणार हा प्रश्न त्या कैदेत होता. तो आला असता तर मस्तानीची प्रेमकथा जास्त धारदार झाली असती.

काशीबाईंचं तर अगदीच वाईट झालं. प्रियांका चोप्राने भूमिका जीव ओतून केली, तिचा राग खरा वाटतो, पण तो राग फक्त वाटणीचा आहे: नवरा माझा की तिचा. काशीबाई चासकर जोशांच्या घरातल्या, म्हणजे सावकारांच्या. मोहिमा कर्जावर चालत असत आणि बाजीरावांच्या पत्रांतून सावकारांचा तगादा सारखा डोकावतो. सावकाराची मुलगी पेशव्याला दिली जाते तेव्हा त्या लग्नात पैसा असतोच. मस्तानी गेल्यावर तिच्या मुलाला, समशेर बहाद्दरला, याच काशीबाईंनी वाढवलं. या निर्णयामागचं मन पडद्यावर बघायला कुणाला आवडणार नाही? चित्रपट तिथवर जातच नाही.

याच विषयावर बाहेर कसं काम झालं ते बघू. ‘द यंग व्हिक्टोरिया’ (२००९) हा जाँ-मार्क व्हॅलेचा चित्रपट तसा गोडगुलाबी, मखमली पडद्यांचा. त्यात अल्बर्टला राणीवरच्या हल्ल्यात गोळी लागते, जे घडलंच नव्हतं. तरीही त्याच्या पटकथेचा कणा पक्का आहे. गादीवरच्या राणीला मागणी घालायची कुणाची छाती? म्हणून १५ ऑक्टोबर १८३९ रोजी व्हिक्टोरियानेच अल्बर्टला विचारलं. प्रेमाचा सगळ्यात नाजूक क्षण आणि अधिकाराचा सगळ्यात उघड क्षण एकच. लग्नानंतर अल्बर्टला कळतं की या घरात आपल्याला काम नाही. तो कारभारात हात घालतो, ती भडकते. भांडण नवरा-बायकोचं आहे आणि राज्यघटनेचंही, आणि एमिली ब्लंट ते दोन्ही एकाच वाक्यात बोलते. वाइट बेटावरच्या ऑस्बर्न हाऊसमध्ये त्या दोघांची लिहायची मेजं आजही एकमेकांना लागून ठेवलेली आहेत. ‘द क्राउन’च्या पहिल्या पर्वात राज्याभिषेकाच्या वेळी बायकोपुढे गुडघे टेकायचे की नाही यावर फिलिप अडतो. एका गुडघ्यावर अख्खा भाग उभा राहतो.

यावर कुणी म्हणेल, व्हिक्टोरिया स्वतः गादीवर होती, आपल्याकडे नवरा असताना राज्य करणारी राणी होती कुठे? हा आक्षेप मला पटत नाही. आपल्याकडे येसूबाई आहेत.

येसूबाईंचं लग्न हे साटंलोटं होतं. शृंगारपूरच्या शिर्क्यांची मुलगी संभाजी महाराजांना आणि शिवाजी महाराजांची मुलगी राजकुंवर येसूबाईंच्या भावाला, गणोजीला. या सोयरिकीत दाभोळच्या वतनाचं आश्वासन गुंतलेलं होतं. स्वराज्यात नवी वतनं द्यायची नाहीत हे थोरल्या महाराजांचं धोरण, आणि गणोजीला वतन हवं. पुढे संभाजी महाराजांनीही ते दिलं नाही, शिर्के मोगलांकडे गेले, आणि संगमेश्वरच्या पकडीत शिर्क्यांचा हात होता असं परंपरा सांगते. दुसरीकडे महाराज सतत मोहिमेवर, त्यामुळे रायगडावरच्या कारभाराचा अधिकार येसूबाईंकडे. ‘श्री सखी राज्ञी जयति’ असा त्यांच्या नावाचा शिक्का.

आता हा शिक्का पडद्यावर कसा येतो ते बघा. येतो तेव्हा भेट म्हणून येतो. नवऱ्याने बायकोला दागिना द्यावा तसा. मागे बासरी, डोळ्यांत पाणी, संपलं. पण शिक्का ही वापरायची वस्तू आहे. कागद लिहून होतो, कारकून तो पुढे ठेवतो, माथ्यावर शिक्का उमटतो, शेवटी मोर्तब होतं आणि मग तो कागद घेऊन जासूद गड उतरतो. त्या कागदावर कुणाची जमीन असते, कुणाचा तनखा, कुणाची शिक्षा. येसूबाईंच्या पुढ्यात एखाद्या दिवशी माहेरच्या माणसाचा अर्ज आला असेल, तर त्यांनी काय केलं असेल? नवऱ्याचं धोरण एका बाजूला, भाऊ दुसऱ्या बाजूला, आणि शिक्का स्वतःच्या हातात. असं दृश्य लिहायला पुरावा नाही, मान्य. पण कादंबरीकार आणि पटकथाकार पुराव्याविना एवढं काय काय लिहितात, त्यात हेच तेवढं सुचू नये?

‘छावा’त गणोजी-कान्होजी आहेत, फितुरी आहे. त्यावरून शिर्के घराण्याच्या वंशजांनी नाराजी कळवली आणि दिग्दर्शकाने माफीही मागितली. म्हणजे चित्रपटाबाहेर तो विषय माहेरच्या अब्रूपर्यंत पोचला, आत मात्र येसूबाईंच्या लग्नापर्यंत पोचला नाही. रश्मिका मंदानाच्या उच्चारांवर लोक तुटून पडले. उच्चारांना मी फारशी किंमत देत नाही. मुद्दा असा की तिला बोलायला दिलंय काय? ती डोळे भरून बघते आणि वाट पाहते. चित्रपट १४ फेब्रुवारीला, प्रेमिकांच्या दिवशी लावला हेही ध्यानात घ्या. जाहिरातीत प्रेम, पडद्यावर विकी कौशलची गर्जना.

त्यापेक्षा ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही झी मराठीवरची मालिका (२०१७ ते २०२०) मला उजवी वाटते. तिचे दोष मोजायला बसलं तर रात्र पुरणार नाही: तोच संथ चालीचा कॅमेरा, एका वाक्यावर पाच चेहरे. पण रोजच्या अर्ध्या तासाची भूक भागवायची म्हणून का होईना, लेखकाला सदर, मुदपाकखाना, अष्टप्रधानांची कुजबुज, सोयराबाईंचा राग, शिर्क्यांचा हट्ट, सगळीकडे फिरावं लागलं. त्या फिरण्यात प्राजक्ता गायकवाडच्या येसूबाईंना सल्ला द्यायला, अडवायला, गप्प बसून मत कळवायला जागा मिळाली. अमोल कोल्हे यांच्या संभाजी महाराजांना बायकोचं ऐकून घेताना बघायची सवय प्रेक्षकाला लागली. संध्याकाळच्या लोकलमध्ये महिलांच्या डब्यात या मालिकेची चर्चा चाले ती लढायांची कमी आणि ‘येसूबाईंनी भावाला सुनवायला पाहिजे होतं’ अशी जास्त. राजवाड्याचं राजकारण सासू-सुनेच्या मालिकेच्या साच्यात बसवलं म्हणून समीक्षक नाक मुरडतात. मुरडोत. शनिवारवाड्यातलं किंवा रायगडावरचं राजकारण बरंचसं माजघरातूनच जात असे, आणि मोठ्या पडद्याला माजघर दिसत नाही.

आता रमा-माधव. मराठी मनात पेशवाईतलं प्रेम म्हटलं की हीच जोडी. १९६२ सालच्या रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ने ती घडवली, आणि ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर गजानन जागीरदारांनी केलेल्या मालिकेने तिला चेहरे दिले: रवींद्र मंकणी आणि मृणाल देव. पुढे मृणाल कुलकर्णी झालेल्या याच अभिनेत्रीने २०१४ साली ‘रमा माधव’ दिग्दर्शित केला. त्यात आलोक राजवाडे आणि पर्ण पेठे ही जोडी, मंकणी झाले नानासाहेब, आणि दिग्दर्शिका स्वतः गोपिकाबाई. कालची रमा आजची सासू. मला वाटतं चित्रपटातली सगळ्यात जिवंत व्यक्तिरेखा त्यामुळेच गोपिकाबाईंची झाली.

या कथेतल्या प्रेमाची बाजू सगळ्यांना पाठ आहे: कोवळं वय, मोहिमा, क्षय, थेऊरचा चिंतामणी, १८ नोव्हेंबर १७७२ आणि सती. सत्तेची बाजू मात्र अंगावर येणारी आहे. पानिपतानंतर १६ वर्षांचा मुलगा पेशवा होतो. काका राघोबादादा गादीवर डोळा ठेवून. १७६२ मध्ये आळेगावला पुतण्याला काकापुढे नमतं घ्यावं लागतं, १७६८ मध्ये धोडपला पुतण्या काकाला हरवतो आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवतो. आई रुसून नाशिकजवळ गंगापूरला निघून गेलेली. म्हणजे सून म्हणून रमाबाईंनी ज्या वाड्यात सणवार करायचे, त्याच वाड्यात चुलतसासरा नवऱ्याचा कैदी. त्यांच्या ताटाची सोय कोण बघत असेल? दिवाळीला ओवाळायला कोण जात असेल? पेशव्याच्या बायकोसाठी यातली प्रत्येक गोष्ट राजकारण होती. ‘रमा माधव’ने हा मसाला समोर असूनही गाणी आणि पैठण्या निवडल्या. चित्रपट देखणा आहे, नेटका आहे, आणि रमाबाईंना काही ठरवू देत नाही. त्यांनी ठरवलेली एकच गोष्ट आपण डोक्यावर घेतो, ती म्हणजे सती जाणं. बावीस-तेवीस वर्षांच्या आसपासच्या बाईचा एवढाच निर्णय आम्हाला प्रेमाचा पुरावा म्हणून पुरतो, याची दिग्दर्शकांना नाही तरी प्रेक्षकांना थोडी लाज वाटायला हवी.

जागीरदारांचं नाव आलं म्हणून एक गंमत. १९४४ साली प्रभातच्या ‘रामशास्त्री’त तेच दिग्दर्शक, तेच नायक. त्यात ललिता पवारांची आनंदीबाई. नवरा हयात असताना त्याच्या राजकारणात उघड हात असलेली मराठी पडद्यावरची बायको शोधायला निघालात तर पहिली हीच भेटते, आणि ती खलनायिका आहे. ‘ध’चा ‘मा’ तिनेच केला याला कागदाचा भक्कम आधार नाही, पण पडद्याला त्याची गरज कधीच पडली नाही. राघोबा-आनंदी या जोडप्यात प्रेम होतं की नाही, असा प्रश्न ऐंशी वर्षांत कुणाला पडला नाही. महत्त्वाकांक्षी बाईला नवऱ्याबद्दल काही वाटत असेल ही शक्यताच आपण धरत नाही. खरं तर हे लग्न म्हणजे पटकथाकाराला आंदण: हरणारा, चंचल, शूर नवरा आणि त्याच्याहून पक्क्या डोक्याची बायको. अप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतलेली वसई १७७५ च्या सुरतेच्या तहात राघोबादादा इंग्रजांना देऊन मोकळे झाले. ती बातमी ऐकल्यावर आनंदीबाईंचा चेहरा कसा झाला असेल, हे आमच्या बाजूच्या माणसाला तरी बघायचंय.

विधवा राण्यांबद्दल थोडक्यात, कारण तिथे पडदा बऱ्यापैकी निर्धास्त असतो. ताराराणींवर सोनी मराठीने मालिका केली, स्वरदा ठिगळेने घोडा आणि तलवार दोन्ही झोकात पेललं. अहिल्याबाईंवरच्या हिंदी मालिकेत सून-सासऱ्याचं नातं फार चांगलं जमलं, आणि इतिहासाशी ते धरूनही आहे. तोफा आणि दारूगोळ्याची व्यवस्था सांगणारी मल्हाररावांची १७६५ ची पत्रं सुनेलाच लिहिलेली आहेत. पण तिथेही सत्ता सासऱ्याकडून येते, नवरा खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीला गेल्यानंतर. लक्ष्मीबाईंचं लग्न तर पडद्याला कधी झेपलंच नाही. सोहराब मोदींनी १९५३ साली मेहताबला घेऊन केलेल्या भपकेबाज रंगीत ‘झाँसी की रानी’पासून २०१९ च्या ‘मणिकर्णिका’पर्यंत गंगाधरराव हे लवकर उरकायचं प्रकरण आहे. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्ये स्त्रीवेष घेणारे, बायकोवर कडक बंधनं घालणारे विलक्षण गंगाधरराव आहेत. त्यांच्या घरात नांदलेली तरुण मुलगी पुढे घोड्यावर बसली, हा प्रवास कुणी दाखवलाय? ‘मणिकर्णिका’त गंगाधरराव इतके समंजस आहेत की लक्ष्मीबाईंना त्यांच्याशी भांडायला कारणच उरत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकत आली आहे, आणि ती वाढते आहे. या राण्यांची लग्नं लहानपणी झाली हे सत्य झाकायचं नाही म्हणून मालिकांनी बालकलाकार आणले: ‘स्वामिनी’तली छोटी रमा, छोटी अहिल्या, छोटी काशी. मुली गोड आहेत, कामं सुरेख करतात. लटकी भांडणं, कैरी, रुसवेफुगवे. प्रेक्षक विरघळतात आणि मालिका तिथेच महिनोन्‌महिने रेंगाळते. त्या गोडव्याआड काय लपतं? सात-आठ वर्षांची मुलगी आईपासून उचलून एका सत्ताधारी घरात आणून ठेवली आहे, तिथे तिच्या प्रत्येक शब्दाचा हिशेब होतो, आणि तिला परतीची वाट नाही. इतक्या असमान नात्यातून पुढे प्रेम उगवलं असेल तर ते कसं, हा खरा प्रश्न. त्याला हात घालायला हिंमत लागते; कैरीला लागत नाही.

आमच्या जिल्ह्यातल्या वारल्यांकडे लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाई. भिंतीवरचा चौक लिहितात त्याही बायका. लग्नात बायकांच्या हाती काही असतं ही कल्पना या मातीला नवी नाही. राजवाड्यांच्या कथा लिहिणाऱ्यांनाच ती का सुचत नाही कोण जाणे.

माझ्या मते एक कारण मूळ कादंबऱ्यांत आहे. ‘स्वामी’, इनामदारांची ‘राऊ’, शिवाजी सावंतांची ‘छावा’: तिन्ही मोठ्या पुस्तकांची नावं नवऱ्यांची आहेत. चित्रपटवाले त्यांच्या खांद्यावर उभे राहतात आणि पुस्तकातली बाई जिथे उभी होती तिथेच ठेवतात. दुसरं कारण भीती. लेझमीवरून दृश्य कापावं लागतं, तर पती-पत्नीचं राज्यकारभारावरचं कडाक्याचं भांडण कोण लिहील? भांडणात कुणीतरी चुकलेलं दाखवावं लागतं आणि दैवतं चुकत नसतात. आशुतोष गोवारीकरांचंच बघा. ‘जोधा अकबर’मध्ये (२००८) त्यांनी हे गणित छान सोडवलं होतं: वधू लग्नाआधी दोन अटी घालते, बादशहा त्या मान्य करतो, आणि प्रेम होतं ते अटी पाळल्या गेल्यावर. पुढे हाच मराठी दिग्दर्शक ‘पानिपत’मध्ये (२०१९) पार्वतीबाईंपाशी आला तेव्हा त्याने त्यांना वैद्यकी दिली, सदाशिवरावभाऊंचं प्रेम दिलं, अट एकही घालू दिली नाही. परक्या दरबारात जे सुचतं ते आपल्या वाड्यात सुचत नाही.

म्हणून कुणी मला विचारलं की या विषयावर मराठीत काय बघू, तर मी मोठा पडदा बाजूला ठेवून ‘स्वराज्यरक्षक संभाजी’तले येसूबाई आणि शिर्क्यांचे भाग बघायला सांगेन. परिपूर्ण नाहीत, पण तिथे नवरा-बायको निदान राज्याबद्दल बोलतात. आणि पटकथा लिहिणाऱ्यांकडे एक मागणी आहे. मार्च १६८९ मध्ये महाराज गेल्यावर, स्वतःचा सात वर्षांचा मुलगा वारस असताना, येसूबाईंनी दीर राजारामांना पुढे केलं, त्यांना रायगडाबाहेर काढलं आणि स्वतः गडावर थांबल्या. नोव्हेंबरात गड पडला. त्या आणि शाहू मोगलांच्या कैदेत गेले; येसूबाईंची सुटका झाली १७१९ साली, बाळाजी विश्वनाथांनी त्यांना दिल्लीहून आणलं तेव्हा. हा निर्णय घेणारी बाई आधीची नऊ वर्षं ओवाळणीचं ताट धरून उभी असणं शक्य नाही. ती नऊ वर्षं लिहा.